शहाजीची आई

जुईनगरच्या त्या फ्लॅटात भेटायला येणाऱ्या बायका आधी राजाबाईच्या पायाशी वाकायच्या, कारण तिची खाट दाराजवळ होती. मग विचारायच्या, "मुलगा कुठे लढला तुमचा, आजी?" राजाबाई सांगायची, "लढला न्हाई. सिक्कीमकडं घाटात गाडी पलटी झाली." बाई म्हणायची, "अरेरे." आणि तशीच पुढं सरकून खिडकीजवळच्या खाटेवर बसलेल्या वेणूबाईपाशी जायची. तिथं अरेरे नव्हतं. तिथं 'धन्य तुम्ही' होतं, पेढ्यांचा पुडा होता, आणि सोबत कॅमेरा असला तर फोटोही होता.

या 'अरेरे'नं राजाबाईचं डोकं उठवलं होतं. शब्द तसा वाईट नव्हे. पण कुणाचं दूध उतू गेलं तरी माणसं अरेरेच म्हणतात, आणि दुखणं तेच तर होतं. तिच्या धनाजीचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, कमरेत सळई घातली, आणि लोकांच्या तोंडून निघायचं ते दूध उतू गेल्याएवढंच. शिवाय म्हणून झालं की सरकायचं. कुणी घटकाभर थांबून विचारलं नाही, की बाई, कसा आहे तो आता, काय खातो, रात्री झोपतो का.

फ्लॅट बदरुद्दीनशेठचा. शेठ मूळचे श्रीवर्धनकडचे, वाशीच्या फळबाजारात त्यांचा गाळा. लेकासाठी घेतलेले दोन जोडफ्लॅट लेक दुबईचाच झाल्यामुळं रिकामे पडले होते. शेठच्या नात्यातला एक मुलगा कधीतरी मुंबईच्या लष्करी इस्पितळात होता. तेव्हा जवानांची गावाकडची माणसं फाटकाबाहेर बोचकी उशाला घेऊन झोपलेली शेठनी पाहिली. घरी येऊन बायकोला म्हणाले, जुईनगरची चावी काढ. तेव्हापासून जखमी जवानांची माणसं तिथं फुकट राहायची, शेठच्या पांढऱ्या व्हॅनमधून सकाळी इस्पितळात जायची आणि दिवेलागणीला परत यायची. सगळा कारभार शेठच्या बायकोकडं, शमीमभाभीकडं. तिचा कायदा एकच. "हितं कोनी पाव्हना नाय न कोनी मालक नाय. टेन्शन घ्यायचं नाय, डबा घ्यायचा न निघायचं."

राजाबाई आली ती ऐन उन्हाळ्यात, पाटणच्या बाजूच्या एका वाडीतून. नवरा हौसेराव म्हशी कुणाच्या जिवावर टाकू म्हणून मागं राहिला. सून उत्कर्षा पोटुशी, म्हणून तीही मागं. राजाबाई एकटी आली आणि आल्या दिवसापासून तिनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. कुणाला विचारलं नाही. शमीमभाभीनं आणलेल्या पोळ्यांकडं बघून ती एवढंच म्हणाली, "ह्यानं माझ्या पोराचा दात तरी हलंल का?" आणि परात मागितली. मग लातूरची एक तरणी पोर आली, गुहागरचं एक म्हातारं जोडपं आलं, गेलं, सगळ्यांना राजाबाईची भाकरी. शमीमभाभी तिला राजामावशी म्हणायची आणि मिठाच्या बरणीची जागासुद्धा तिलाच विचारायची. पोराचं दुःख होतं ते होतंच, पण त्या घरात राजाबाईला किंमत होती.

मग कारगिलची लढाई लागली, आणि लढाई संपता संपता वेणूबाई आली.

खटावकडची बाई. काटकुळी, मोकळ्या कपाळाची, बोलायला अगदी कंजूष. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता शहाजी, त्याच्या पोटात आणि मांडीत तोफगोळ्याचे तुकडे घुसलेले. शमीमभाभीनं तिला खिडकीजवळची खाट दिली, कारण बाई रात्रभर बसून असायची, तेवढाच वारा. राजाबाईनं त्या खिडकीवर उन्हाळ्यापासून डोळा ठेवला होता. पण बोलली नाही. म्हणाली, असू दे, नवी आहे.

दोन दिवसांत बातमी सोसायटीभर झाली की आपल्या इथं कारगिलच्या जवानाची आई राहते. झालं, रीघच लागली. त्या दिवसांत जो तो सैन्यासाठी काहीतरी करायला निघाला होता आणि कुणाला काय करावं ते सुचत नव्हतं. अशा सगळ्यांना वेणूबाई सापडली. शाळेच्या मुली राख्या घेऊन आल्या. वरच्या मजल्यावरच्या बाईनं थर्मास दिला. कुणी चादरी दिल्या, कुणी टेबलफॅन दिला, आणि टेबलफॅनचं तोंडसुद्धा वेणूबाईकडं. राजाबाईच्या खाटेपर्यंत वारा यायचा तो वळसा घेऊन, उरला सुरला.

आणि वेणूबाईचा मोठा गुन्हा हा, की ती कशावर हरखायची नाही. पेढा दिला तर हातात धरून बसायची. पाया पडलं तर पाय आखडायची. राजाबाईला वाटायचं, अगं बये, तुला नको तर तसं सांग. इथं दुसरी जीव टाकून बसली आहे.

एके दिवशी दारात दोन माथाडी कामगार उभे राहिले. डोईवरची फडकी काढून हातात घेतलेली, बोलणं ऐकताच कळलं की साताऱ्याकडचे. पायाशी बटाट्याची गोण.

"शहाजीची आई कोन?" एकानं विचारलं.

"ती आत हाय," राजाबाई म्हणाली. "काय काम व्हतं?"

"काय न्हाई. आपल्या जिल्ह्याचा पोरगा म्हनून आमच्या टोळीनं धाडल्यात बटाटं. त्यास्नी सांगा, काय लागलं तर कांदा-बटाटा मार्केटात कुनालाबी इचारा."

आपल्या जिल्ह्याचा पोरगा. आणि धनाजी काय परक्या मुलखातला होता? पण राजाबाईच्या तोंडाला कुलूप बसलं ते दुसऱ्याच कारणानं. धनाजीच्या त्या गाडीत बटाटेच होते. वरच्या चौकीवर रेशन घेऊन चालला होता. गाडी कोलमडली तेव्हा माणसापेक्षा गोण्या भारी झाल्या, आणि त्या गोण्यांखालून त्याला ओढून काढला. वाडीत ही गोष्ट पोचली तेव्हा पारावर कुणीतरी हसलंसुद्धा होतं, बटाट्यानं मारला म्हणून. हौसेरावानं त्याच्याशी बोलणं टाकलं. राजाबाईनं बटाटा टाकला. धनाजीच्या डब्यात वांगं, घेवडा, मटकी, पिठलं, सगळं जायचं, बटाटा कधी नाही. व्हॅन मार्केटवरून जायची तेव्हा ती दुसरीकडं तोंड करून बसायची.

आता तेच बटाटे वेणूबाईच्या नावानं घरात आले आणि सोलायचे राजाबाईनं. चाळीस माणसं जेवतील एवढी गोण. ती सोलत बसली आणि सोलता सोलता तिच्या मनात ते आलं. कुणा आईच्या मनात येऊ नये असं. तिला वाटलं, जायचाच होता पाय, तर गोळीनं का नाही गेला? काही महिने उशिरा गेला असता, तिकडं कारगिलला गेला असता, तर काय बिघडलं असतं? सुरी थांबली. राजाबाईनं स्वतःच्या तोंडात मारून घेतली, खरोखरची, आवाज येईल अशी. पण आलेला विचार आलाच होता.

मग वाशीच्या एका महिला मंडळाचं बोलावणं आलं. वीरमातेचा सत्कार. वेणूबाई म्हणाली, मला नको. शमीमभाभीनं समजूत घातली, "अवो, बायका येवड्या हौशीनं करतायत. चला, बसा न या. राजामावशी येईल तुमच्या संगतीला." संगतीला. राजाबाईनं तो शब्द गिळला, ट्रंकेतलं ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं आणि कुंकू जरा मोठंच लावलं.

हॉल भरला होता. स्टेजवर खुर्च्या, मागं कापडी झेंडे. माइकवाल्या बाईंनी भाषण केलं, मग मंडळाची एक तरुण बाई तबक घेऊन वेणूबाईसमोर आली. तबकात हळदकुंकू, नारळ, खण, तांदूळ, वर घडी केलेली साडी. तिनं कुंकवाला बोट लावलं, मान वर केली आणि वेणूबाईचं मोकळं कपाळ पाहिलं. बोट तिथंच राहिलं.

मंडळाच्या लक्षातच आलं नव्हतं. वीरमाता म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढं सगळं होतं, फक्त तिचा नवरा जिवंत असेल की नाही एवढं सोडून. आणि ओटी भरायची ती सवाष्णीची. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. कुजबुज झाली. पहिल्या रांगेतून शमीमभाभी म्हणाली, "भरा की त्यांचीच. त्यात काय झालं?" तिच्याकडं बघून सगळ्या गोड हसल्या, आणि कुणी काही केलं नाही. फोटोवाला कॅमेरा डोळ्याला लावून खोळंबला होता.

तेव्हा माइकवाल्या बाई राजाबाईकडं वळल्या. हिरवं लुगडं, रुपयाएवढं कुंकू. "मावशी, तुम्ही यांच्याच घरातल्या ना? तुम्ही घ्या यांच्या वतीनं. ओटी मोकळी जायला नको."

आता राजाबाईनं नाही म्हणायला हवं होतं. म्हणायला वेळही होता. पण तिच्या मनात आलं ते भलतंच. हौसेरावानं जन्मात कधी तिला सणाचं चोळीचं कापड आणलं नव्हतं, पण माणूस जिवंत तर होता, आणि आज एकदा त्याचा उपयोग झाला होता. खिडकी वेणूबाईला, पंखा वेणूबाईला, पेढे, थर्मास, राख्या वेणूबाईला. एवढी एकच गोष्ट अशी निघाली जी वेणूबाईला घेता येत नव्हती आणि राजाबाईला येत होती. ती पुढं झाली आणि तिनं पदर पसरला.

पदरात नारळ पडला. तांदूळ, खण, साडी. टाळ्या झाल्या. फोटोवाल्याचा दिवा चमकला; त्यानं नाव विचारलं, तिनं राजाबाई सांगितलं. माइक तिच्या तोंडापुढं आला आणि टाळ्यांच्या गडबडीत वतीनं-बितीनं विसरून बाई म्हणाल्या, "शहाजीच्या आई, दोन शब्द सांगा."

"देवाची किरपा," राजाबाई म्हणाली.

मी त्याची आई नव्हे, एवढे शब्दसुद्धा दोन शब्दांत बसले नसते, असं तिनं नंतर स्वतःला समजावलं. खरं हे, की कुणीही अरेरे म्हणालं नव्हतं आणि ते इतकं गोड लागलं की तिला ते संपवायचं नव्हतं. वेणूबाई खुर्चीत मांडीवर हात ठेवून बसली होती. व्हॅनमध्ये दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. पण वेणूबाई तशीही बोलत नसे, म्हणून राजाबाईनं तिकडं फार लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी वेणूबाई इस्पितळात आली नाही. डोकं धरलंय म्हणाली, शहाजीचा डबा राजाबाईजवळ दिला. दोघांच्या खाटा एकाच वॉर्डात, एकाच ओळीत. राजाबाईनं आधी शहाजीच्या उशाशी डबा ठेवला. पोरगा ग्लानीत होता. मग ती धनाजीकडं आली. त्याच्या हातात पेपर होता.

"आये, तुजा फोटू आलाय," तो म्हणाला.

राजाबाईला वाटलं, काळीज वर येऊन हसतंय. "बघू बघू. काय लिवलंय?"

धनाजी वाचायला लागला. शाळेत वाचायचा तसा, बोट ठेवून. "वीरमाता श्रीमती राजाबाई यांची ओटी भरताना मंडळाच्या भगिनी. त्यांचे सुपुत्र शहाजी हे कारगिलच्या युद्धात जखमी झाले असून मुंबईत उपचार घेत आहेत." त्यानं बोट मागं नेलं, पुन्हा पुढं आणलं. मग पेपर उलटा करून मागचं पानही पाहिलं.

"आये, मी कुटं गेलो ह्यात?"

राजाबाई पिशवीतून डबा काढायला लागली.

"चुकून झालं आसंल," तो म्हणाला. "पेपरवाल्याचं."

होय म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण पोटच्या पोरापुढं ते येईना. तिनं मान खाली घातली, आणि धनाजीला कळायचं ते कळलं.

"गाडी पलटी झाली," तो सावकाश म्हणाला, "त्याची मला लाज न्हवती वाटली. ड्यूटीवर व्हतो. लोक काय बी म्हनूदेत. पर तुला माझी लाज वाटती, हे काय मला म्हाईत न्हवतं."

"लाज न्हाई रं."

"मग?"

पोटात दुखतं रे माझ्या, असं कसं सांगायचं आईनं? तिनं घाईघाईनं डबा सोडायला घेतला. धनाजीनं झाकणावर हात ठेवला.

"ऱ्हाऊदे. शहाजीला दे. त्याची आई हायेस न्हवं तू." आणि त्यानं वॉर्डबॉयला हाक मारून इस्पितळाचं ताट मागितलं. उन्हाळ्यापासून त्यानं त्या ताटाला हात लावला नव्हता. राजाबाईच्या भाकरीखेरीज त्याचा घास उतरत नाही, असं ती वाडीत निरोपानिरोपानं कळवत आली होती. आज तिच्यादेखत त्यानं तो बिनमिठाचा भात शेवटच्या शितापर्यंत खाल्ला आणि भिंतीकडं तोंड केलं.

दिवेलागणीला ती परतली तेव्हा वेणूबाई खिडकीपाशी बसली होती. मांडीवर तोच पेपर. वाचता येत नव्हतं तिला, शेजारणीनं वाचून दाखवला असणार. राजाबाई सरळ ट्रंकेकडं गेली, साडी, खण, नारळ सगळं काढलं आणि तिच्यापुढं ठेवलं.

"तुजं हाय. घे."

वेणूबाईनं साडीला हातसुद्धा लावला नाही. "नेस तू. मालक गेल्यापास्नं कोन माजी वटी भरीत न्हाई, त्याची सवय झालीया मला. तिथं बसले तवाबी वाईट न्हाई वाटलं." ती थांबली. एवढं बोलायची तिला सवय नव्हती. "लुगडं ठेव, नारळ ठेव, खिडकीबी घे पायजे तर. पोरगं तेवढं माजं मला माघारी दे."

राजाबाईला वाटलं, हिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

फोन शमीमभाभीच्या घरी होता, मागच्याच गल्लीत. राजाबाई तशीच चपला घालून निघाली, वेणूबाईला हाताला धरून बरोबर घेतलं. शमीमभाभीनं पेपरवर छापलेला नंबर फिरवला आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला. राजाबाईनं तो दोन्ही हातांनी धरला.

"मी शहाजीची आई न्हाई," ती म्हणाली.

पलीकडचा माणूस म्हणाला, बरं, मग तुम्ही कोण.

"तुमी फोटू छापला ती. मी धनाजीची आई. शहाजीची आई वेणूबाई. हितं माझ्या शेजारी उभी हाय. वटी तिची, सत्कार तिचा, पोरगाबी तिचा. मी तिची वटी घेतली आन गप बसले. लिवा तसं."

"तुमचा मुलगा कुठे जखमी झाला?"

"सिक्कीमला. बटाट्याची गाडी नेत व्हता, ती पलटी झाली. धनाजी नाव हाय त्याचं. तेबी लिवा."

बघतो, म्हणाला तो. वेणूबाईनं तिथंच उभं राहून सगळं ऐकलं. परत येताना जिन्यात तिनं राजाबाईचा दंड धरला, पण ते गुडघे दुखतात म्हणूनही असेल.

खुलासा छापून यायला दोन-तीन दिवस गेले. तेवढे दिवस धनाजी आईशी 'हूं'च्या पुढं बोलला नाही आणि इस्पितळाचं ताट खात राहिला. राजाबाई रोज डबा न्यायची, रोज भरलेला परत आणायची आणि रात्री तोच शिळा डबा स्वतः जेवायची. ज्या सकाळी खुलासा आला त्या दिवशी घरात भाजीला दुसरं काही नव्हतं. तिनं गोणीत हात घातला, जे निघालं ते चिरलं, फोडणीला टाकलं आणि डबा भरला.

वॉर्डात तिनं पेपर धनाजीपुढं ठेवला. खुलासा एका कोपऱ्यात, बोटभर. श्रीमती वेणूबाई या शहाजी यांच्या मातोश्री असून नजरचुकीने दुसरे नाव छापले गेले. एवढंच.

"माझं नाव न्हाईच आलं," धनाजी म्हणाला.

"मी सांगितलं व्हतं."

"काय सांगितलं व्हतंस?"

राजाबाईनं तोंड उघडलं, तोच वॉर्डात पाहुणे शिरले. कुठल्याशा क्लबाची माणसं, हातात हार आणि फळांच्या टोपल्या. त्यातली एक बाई राजाबाईच्या पायाशी वाकली, ठरल्यासारखी, आणि म्हणाली, "आजी, मुलगा कुठे लढला तुमचा?"

हा प्रश्न धनाजीनं आजवर ऐकला नव्हता. तो उशीवरून आईकडं बघायला लागला.

"लढला न्हाई," राजाबाई म्हणाली. आवाज असा लागला की ओळीतल्या खाटांवरची माणसं वळली. "हा धनाजी. माझा ल्योक. सिक्कीमला चौकीवर बटाटं घिऊन चालला व्हता, गाडी पलटी झाली. पाय गेला त्याचा. मी ह्याची आई."

"अरेरे," ती बाई म्हणाली, आणि हार घेऊन शहाजीच्या खाटेकडं सरकली. तिथं टाळ्या झाल्या. वेणूबाई हार हातात धरून बसली, नेहमीसारखीच, काय करावं ते न कळल्यासारखी. राजाबाईच्या पोटात दुखलं. आधी दुखायचं तेवढंच दुखलं, तसूभर कमी नाही. तिनं तिकडं पाठ केली आणि रिकाम्या हातांनी धनाजीची चादर उगाच सारखी करत राहिली.

"आये," धनाजी म्हणाला. "डब्यात काय हाय?"

तिचे हात थांबले. खोटं बोलायची सोय नव्हती, वास सुटला होता.

"बटाट्याची भाजी," ती म्हणाली.

धनाजीनं डोळे मिटले. त्याच्या ओठांच्या कडा हलल्या, आणि राजाबाईला कळेना की पोरगा हसतोय की रडतोय. मग त्यानं कोपरावर जोर देऊन स्वतःला वर ओढलं आणि हात पुढं केला.

"वाढ," तो म्हणाला.